रंगोजीअण्णांचे पहिले नंबर

आमच्या गल्लीत वाढलेला प्रत्येक मुलगा कशात ना कशात पहिला आलेला आहे. ही मी बढाई मारत नाहीये. हे सगळं तांब्यापितळेवर कोरलेलं आहे आणि अजूनही कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात, माळ्यावर, नाहीतर सुनेच्या माहेरी सापडेल. बंगळूरला कॉटनपेटच्या मागे आमची गल्ली होती. एका टोकाच्या घरात फोडणी पडली की दुसऱ्या टोकाला ठसका लागायचा, एवढीच. शिंपी, दुकानदार, कापडगिरणीतले लोक, सगळी मराठी घरं. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली, त्यामुळे भांडणं मराठीत आणि समेट कन्नडमध्ये व्हायचे. मी लग्नानंतर पुण्याला आले आणि माझी मराठी सासरी धुऊनपुसून निघाली. तरी रंगोजीअण्णांची आठवण निघाली की तोंडात 'ठीक'ऐवजी 'सरी' आणि 'जरा'ऐवजी 'स्वल्प' येतंच.

अण्णांचं गल्लीच्या तोंडाशी भांड्यांचं दुकान होतं. भांडी विकण्यापेक्षा भांड्यांवर नावं घालण्यात त्यांचा जीव. छिन्नी आणि हातोडी घेऊन दिवसभर ठक ठक चाललेली असायची. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे धीर लागायचा, कारण ते ठोक्यांच्या मधल्या फटीतून बोलत. "काय गं," ठक, "आईचा," ठक ठक, "पाय कसा," ठक, "आहे आता?" एवढं होईपर्यंत आईचा पाय बरा व्हायचा. चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधायला सगळं दुकान पालथं. कोणाकडे पाणी प्यायले की तांब्या उलटा करून खालचं नाव वाचणार आणि मग त्या तांब्याची कुंडली सांगत बसणार. हा कोणाच्या लग्नात आला, कोणी दिला, देणाऱ्यानं कसं तोंड वाकडं केलं होतं. एकदा आमच्याकडे पाहुणे बसलेले असताना त्यांनी तांब्या फिरवला आणि म्हणाले, "हा तर तुमच्या चुलत सासूबाईंचा! त्या शोधताहेत तो." आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पण जून आला, मॅट्रिकचा निकाल लागला की अण्णांचं रूपच पालटायचं. कॉलेजच्या अर्जात तेव्हा मार्कांच्या खाली एक रकाना असायचा. खेळ, कला, इतर उपक्रम आणि मिळालेली बक्षिसं. आमच्या गल्लीतली मुलं तिथे एक आडवी रेघ ओढून मोकळी व्हायची. या रेघेवर अण्णांचा फार राग. मुलगा अर्ज घेऊन दुकानावरून जायला लागला की हातोडी थांबायची.

"बघू. आय्यो! रेघ? रेघ कोण मारतं रे? ज्याच्याकडे काही नाही तो. तुझ्याकडे काही नाही?"

"नाही अण्णा."

"सुम्मनं बोलू नको. हात आहेत, पाय आहेत, तोंड तर आहेच आहे. मार्क देवानं दिले, बाकीचं मी बघतो."

सुम्मनं म्हणजे उगीच. अण्णांना जगात उगीच असं काही पटत नसे.

आता कोणाला वाटेल की ते मुलांकडून थापा लिहून घेत असतील. मुळीच नाही. खोटं लिहिण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "आधी करायचं, मग जिंकायचं, मग लिहायचं," असा त्यांचा क्रम. त्यासाठी त्यांनी एक संघ काढला होता. श्री भवानी क्रीडा, कला व सद्गुण संघ. कचेरी दुकानाच्या जिन्याखाली, अध्यक्ष रंगोजीअण्णा, परीक्षक रंगोजीअण्णा, आणि बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून गल्लीतून त्या वेळी जो जात असेल तो. स्पर्धेचे नियम दोनच. एका स्पर्धेत एकानंच नाव द्यायचं, म्हणजे कोणाचं मन दुखायला नको. आणि अध्यक्षाच्या घरच्यांना भाग घ्यायला बंदी, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. बक्षिसाचं भांडं ज्याचं त्यानं घरून आणायचं. अण्णा त्यावर 'प्रथम क्रमांक' असं घालून सगळ्यांसमोर परत द्यायचे आणि स्वतः इतक्या जोरात टाळ्या वाजवायचे की पलीकडच्या गल्लीतले लोक धावत यायचे.

बायकांना ही पद्धत फार पसंत पडली. घरातल्या भांड्याला नाव लागायचं आणि मुलालाही. त्यामुळे आमच्याकडे सांबार 'वक्तृत्व, प्रथम' मध्ये उकळायचं आणि पीठ 'धावणे, प्रथम' मध्ये मळलं जायचं. पुढे लग्नांत ही भांडी आहेर म्हणून गेली. हुबळीच्या एका सद्गृहस्थांकडे लांब उडीचा पहिला नंबर आहे. त्यांना दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते.

मल्हारीची गोष्ट सांगितल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. मल्हारी आमच्या समोरच्या घरातला. अंगानं भरभक्कम, स्वभावानं मऊ, आणि खाणं नि झोपणं सोडून कशात गती नाही. त्याला डिप्लोमाला जायचं होतं. अण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जाहीर केलं, "वजन उचलणं!" आता वजनं आणायची कुठून? तेवढ्यात मल्हारीची आजी ओट्यावर शेंगा सोलत बसलेली दिसली.

"वजन म्हणजे वजन," अण्णा म्हणाले. "त्याला लोखंडच पाहिजे असं कुठं आहे?"

आजी आढेवेढे न घेता पाटावर बसली. मल्हारीनं पाटासकट आजीला उचललं, छातीपर्यंत नेलं, मग खांद्यापर्यंत. भवानीमातेचा जयजयकार तीन वेळा होईस्तोवर धरायचं असं ठरलं होतं. पण आजी वर गेली ती नेमकी शेजारच्या अंगणाच्या भिंतीच्या वर गेली, आणि तिथे तिला पलीकडे आपला कधीचा हरवलेला वरवंटा दिसला.

"ए सुंदराक्का!" आजीनं वरूनच हाक मारली. "तो आमचा वरवंटा हाय की गं! बाहेर ये स्वल्प!"

सुंदराक्का बाहेर आल्या आणि जुंपली. खाली मल्हारी लाल झाला, मग जांभळा झाला. "आजी, उतर," म्हणून कण्हायला लागला. आजी म्हणे, "थांब रे, ती कबूल होऊ दे." सुंदराक्का चिवट बाई, लवकर कबूल होईनात. अण्णा टाळ्या वाजवत ओरडत होते, "अजून धर! विक्रम होतोय!" अखेर वरवंटा भिंतीवरून परत आला, आजी खाली आली आणि मल्हारी जमिनीवर आडवा झाला. त्याच्या आईनं आणलेल्या इडलीपात्रावर 'भारोत्तोलन, प्रथम क्रमांक' असं कोरलं गेलं.

अण्णांच्या मते कागदाचं प्रशस्तिपत्र कोणीही छापून आणेल, पण पितळेला कोण खोटं म्हणणार? म्हणून मुलाखतीला भांडंच घेऊन जायचं. मल्हारी इडलीपात्र पिशवीत घालून गेला. तिथल्या साहेबांनी विचारलं, किती वजन उचलतोस? मल्हारी म्हणाला, "माय ग्रँडमदर, सर." साहेबांनी विचारलं, तिचं वजन किती? मल्हारी खरं बोलणारा मुलगा. त्यानं विचारलं, "बिफोर फूड ऑर आफ्टर फूड, सर?" त्याला प्रवेश मिळाला. अण्णा म्हणायला लागले, बघा, रकान्याचा गुण! मल्हारीला मार्कही बरे होते, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

मग वसंत आला आणि तिथून सगळं बिघडायला सुरुवात झाली. वसंत सडपातळ, चष्मेवाला, पाण्याला भिणारा. पण त्याला एका वर्षी गावी आजोळच्या विहिरीत ढकललेलं होतं आणि तो बुडाला नव्हता, एवढ्यावर अण्णांनी त्याचं पोहणं ठरवलं. स्पर्धा केंपांबुधी तळ्यावर. सगळी गल्ली डबे बांधून निघाली. अण्णांनी शिट्टी फुंकली आणि वसंतनं नाक धरून उडी मारली. त्याच वेळी पलीकडून एका धोब्याची म्हैस पाण्यात शिरली. वसंत अर्ध्यावर पोचून आपण कुठल्या बाजूला निघालो होतो याचा विचार करत होता, तोवर म्हैस शांतपणे आमच्या काठाला लागली आणि कान झाडत बाहेर आली.

धोबी धावत आला. "नम्म एम्मे फर्स्ट, अल्ला?" म्हणजे, पहिली आमची म्हैस आली ना?

अण्णा म्हणाले, "तिनं नाव दिलं नव्हतं."

"नाव काय द्यायचं? सगळ्यांनी बघितलं!"

"बघून काय होतं? अर्ज कुठं आहे?"

वाद इतका पेटला की वसंत तळ्यातून निघून, अंग पुसून, डबा खाऊन झाला तरी कोणाचं लक्ष नाही. शेवटी अण्णांनी धोब्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हशीच्या गळ्यातली घंटा मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर 'उत्तेजनार्थ' असं कोरून परत केली. धोबी खूश झाला. पहिला नंबर अर्थातच वसंतचा, त्याच्या घरच्या कळशीवर.

मुलाखतीच्या दिवशी वसंतच्या आईनं ती कळशी पाणी भरून चुलीशी ठेवलेली. घाईत त्यानं फळीवरची दुसरी उचलली. ती निघाली त्याच्या बहिणीची. कमलचं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हा अण्णांनी हळदीकुंकवात तिच्या एकटीची उखाण्यांची स्पर्धा घेतली होती. कॉलेजात प्रिन्सिपलांनी कळशी फिरवून पाहिली आणि विचारलं, काय लिहिलंय हे? वसंतनं वाचलं आणि त्याला घाम फुटला. पण खोटं बोलायचं नाही ही अण्णांची शिकवण. त्यानं इंग्रजीत भाषांतर केलं: नवऱ्याचं नाव कवितेत घेणे, प्रथम क्रमांक.

"कोणाच्या नवऱ्याचं?" प्रिन्सिपलांनी विचारलं.

"माय सिस्टर्स, सर."

"बरं, घेऊन दाखव एक."

वसंतनं मान खाली घातली, बोटाला शर्टाचं टोक गुंडाळलं आणि मेव्हण्याचं नाव घेतलं. तो मुद्दाम लाजला नव्हता. उखाणा असाच घ्यायचा असतो असं त्याला वाटलं. खोलीतले सगळे हसून हसून टेबलावर पडले. प्रवेश त्यालाही मिळाला. पण ही गोष्ट त्या खोलीत थोडीच राहणार होती! एका कॉलेजातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. त्यात कोणीतरी म्हैसही घातली.

पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झाले, आणि अण्णांची इंदूही. इंदू माझी जिवाभावाची मैत्रीण. बोलायची कमी, पण बोलली की काम तमाम. गणितात तिचा हात कोणी धरायचा नाही. शाळेतून आल्यावर बापाच्या शेजारी बसून तीही नावं घालायची, आणि बी.एस्सी. व्हायचं हे तिनं फ्रॉक घालायच्या वयातच ठरवून टाकलं होतं. आडवे आले ते तिचे आनेकलचे मामा. दर रविवारी बसनं यायचे, येताना शेंगांची पिशवी आणि एक स्थळ घेऊन यायचे. त्या वर्षीचं स्थळ पक्कं होतं. आनेकलला नाचणीची गिरणी, मुलगा एकुलता. इंदूची आई गंगाक्का भावाच्या बाजूला झुकलेल्या. अखेर घरात असं ठरलं की यंदा कॉलेजनं घेतलं तर इंदू शिकेल, नाही घेतलं तर गिरणी. अण्णांनी मामांना शब्द दिला होता. शब्द देताना त्यांना जराही शंका नव्हती. इतक्या मुलांना पोचवलं, पोरीला काय अडचण?

मी आणि इंदू मुलींच्या कॉलेजात अर्ज आणायला गेलो. कारकुनानं पत्ता विचारला आणि ऐकताच तोंडावर हात धरला. आतल्या दुसऱ्याला हाक मारून म्हणाला, "म्हशीच्या गल्लीतल्या आल्यात!" मला असा राग आला की त्याची शाईची दौत त्याच्याच डोक्यावर पालथी करावी. पण माणूस वाईट नव्हता. हसणं ओसरल्यावर त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, "अम्मा, त्या संघाचं बक्षीस लिहू नका. प्रिन्सिपलबाईंनी सांगून ठेवलंय, त्या संघाचा पहिला नंबर दिसला की अर्ज बाजूला काढा."

"मग रकाना रिकामा सोडू?" इंदूनं विचारलं.

"छे छे. रिकामा तर बाईंना अजिबात चालत नाही. तुमच्या गल्लीतली असून रिकामा म्हणजे काहीतरी लपवताय, म्हणतील."

परत आलो तशी इंदू थेट दुकानात शिरली आणि बापापुढे उभी राहून जे झालं ते सगळं सांगितलं. अण्णा एका गिऱ्हाइकाच्या परातीवर नाव घालत होते. ऐकता ऐकता छिन्नी घसरली आणि परातीवर भलतीकडेच एक रेघ उमटली. त्यांच्या हातून असं झालेलं मी प्रथमच पाहिलं.

"हसतात?" त्यांनी विचारलं. मध्ये एकही ठोका नव्हता.

"हसतात."

"पण एकही खोटं नव्हतं, इंदू. म्हशीचंसुद्धा मी खरं ते केलं."

"खोटं कोण म्हणतंय, अप्पा? पण एकटाच धावला तर पहिला येणार नाही तर काय होणार?"

अण्णा परातीकडे बघत बसले. मला त्यांची फार दया आली. ज्या रकान्यासाठी या माणसानं एवढा आटापिटा केला, तोच त्याच्या पोरीच्या आडवा आला होता आणि ते त्यांना पुरतं कळलं होतं. मग इंदू म्हणाली, "मला एक स्पर्धा पाहिजे. दोघांची. नाव घालण्याची."

"अध्यक्षाच्या घरच्यांना..."

"तुम्ही परीक्षक होऊ नका. तुम्ही समोर बसा. माझ्याशी लढा."

रविवारी गल्लीच्या मधोमध दोन चटया टाकल्या. दोन सारखे पितळी पेले, त्यांवर 'श्री भवानी प्रसन्न' असं घालायचं. परीक्षक म्हणून मल्हारीची आजी, कारण तिला वाचता येत नव्हतं, कोणाचं अक्षर कुठलं ते तिला ओळखू यायचं नाही, आणि ती साक्षात देवाचीही भीड धरणारी नव्हती. मामा आनेकलहून शेंगा घेऊन हजर. ओट्यावर बसून ते टरफलं उडवत होते.

अण्णांनी सकाळपासूनच हरायची तयारी केली होती. आधी म्हणाले, अंगात कणकण आहे. मग म्हणाले, चष्मा सापडत नाही. तो कपाळावर होता. मग बोथट छिन्नी उचलली. इंदूनं ती हातातून काढून घेतली आणि चांगली दिली. "अप्पा, तुम्ही मुद्दाम हरलात तर मी अर्ज फाडून टाकीन आणि गिरणीत जाऊन बसेन."

"असं नको बोलू गं."

"मग नीट बसा."

ठकठक सुरू झाली. इंदू खाली मान घालून, जिभेचं टोक दातात धरून. अण्णा मात्र आभाळाकडे बघत होते, गाईकडे बघत होते, मामांना विचारत होते की पाऊसपाणी कसं आहे. पेल्याकडे त्यांनी बघितलंच नाही. हात आपला चालत होता. आयुष्यभर तेच केलेला हात. त्याला वाईट घाल म्हटलं तरी ऐकेना. मध्येच त्यांनी खाली पाहिलं, अक्षरं ओळीत मोत्यासारखी बसलेली दिसली, आणि त्यांच्या तोंडून हळहळून "अय्यो पाप!" निघालं.

आजीनं पेल्यांवरून अंगठा फिरवला. एकदा या, एकदा त्या. सगळी गल्ली श्वास रोखून उभी. मामासुद्धा चघळायचे थांबले.

"हा," आजी म्हणाली. "हा कसा लोण्यासारखा लागतोय. तो दुसरा बी बरा हाय, पण स्वल्प टोचतो."

हा म्हणजे अण्णांचा.

कोणी टाळी वाजवली नाही. आमच्या गल्लीत कोणी जिंकलं आणि टाळी पडली नाही, असं कधी घडलंच नव्हतं. मामा उठले, शेंगांची पिशवी झटकली आणि म्हणाले, "मग भावजी, गिरणी बघायला कधी येताय?" गंगाक्कांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी स्वतःचा पेला पाठीमागे लपवला. त्या रात्री अण्णांना घरात जेवायला वाढलं गेलं नाही. ते आमच्याकडे आले, दोन घास खाल्ले आणि तांब्या उलटा न करता पाणी पिऊन गेले.

इंदू मात्र शांत होती. तिनं आपला पेला बापापुढे ठेवला. "घाला यावर. द्वितीय क्रमांक."

तो शब्द कोरताना अण्णा वरचेवर थांबत होते, हातोडी खाली ठेवत होते, नाक पुसत होते. गंगाक्कांनी विनवलं, निदान अर्जात संघाचं नाव तरी घालू नकोस. इंदूनं ठळक अक्षरात घातलं. "आई, पहिल्या नंबराला लोक लबाड म्हणतील. दुसऱ्या नंबराला कोण म्हणेल? दुसरा नंबर कोणी उगीच घेत नाही."

मी माझ्या रकान्यात शाळेतलं भरतकाम लिहिलं. मुलाखत माझी नि तिची एकाच दिवशी होती. आधी तिची, लगेच माझी. प्रिन्सिपलबाईंच्या खोलीला स्प्रिंगचं अर्धं दार होतं. वरून डोकी दिसायची, खालून पाय, आणि मधून सगळं ऐकू यायचं. मी बाकावर बसून कान टवकारले. वडील मंडळी बाहेर झाडाखाली उभी. त्यांत अण्णा काळा कोट घालून, पेल्याची पिशवी पोटाशी धरून येरझारा घालत होते. इंदूचं नि बाईंचं बोलणं इंग्रजीत झालं; मी आपलं मराठीत सांगते.

"त्याच गल्लीतल्या?" बाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मग कशात पहिल्या आलात?"

"पहिली नाही, मॅडम. दुसरी."

मग खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज. "दुसरी? तुमच्या गल्लीत दुसरा नंबर असतो?"

"यंदापासून, मॅडम."

"पहिलं कोण आलं?"

"माझे वडील. त्यांना हरायचं होतं, पण जमलं नाही."

बाई हसल्या की खोकल्या ते मला कळलं नाही. त्यांनी शिपायाला बोलावून इंदूच्या वडिलांना आत आणायला सांगितलं. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा, आणि दार ढकलून आत गेले. बाईंनी काही विचारायच्या आतच सुरू झाले, अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड, आणि घाबरल्यामुळे उरलेलं मराठी.

"मॅडम, ते सगळे पहिले नंबर माझे आहेत. म्हणजे मी दिलेत. पोरांनी काही केलं नाही. हसायचं तर मला हसा, पण त्यापायी पोरीला काढू नका. तिचा दुसरा नंबर अगदी खरा आहे. तिनं फार चांगलं घातलं होतं, मॅडम. माझा हात मेला आडवा आला."

पिशवीतून पेला काढून त्यांनी टेबलावर ठेवला. पेला टेबलावर खणकन वाजला. मी बाकावरून उठून दारावरून आत डोकावले. इंदूची मान खाली गेलेली दिसली.

बाईंनी पेला उचलला, चष्म्याजवळ नेला, अंगठा फिरवून पाहिला. मग मार्कांचा कागद पाहिला. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी सोमवारपासून येईल. विज्ञानाला."

अण्णांनी हात जोडले, इंदूकडे पाहिलं, पुन्हा हात जोडले. आनंदानं त्यांना पुढचं सुचेना. आपलं काम झालं असं समजून ते दोघं निघणार, तोच बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "आणि तुमचं अभिनंदन. पहिल्या नंबराबद्दल."

शिपायानं एव्हाना माझं नाव पुकारलं होतं आणि मी दार ढकलून उंबऱ्यात उभी होते. अण्णांनी चटकन मागे वळून पाहिलं, हे कोणाला म्हणताहेत म्हणून. मी दिसले. त्यांचा चेहरा उजळला, ते अदबीनं बाजूला सरकले आणि माझ्यासाठी जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.